रामेनच्या दुकानात पाऊल टाकताना

गेल्या हिवाळ्यात सांगलीहून माझे मामा-मामी टोकियोला आले होते. मामांची एकच फर्माईश होती : रामेन खायचं, आणि तेही गल्लीतल्या दुकानात, इथली माणसं खातात तसं. मामा सगळं खाणारे. मामी माळकरी. “मी आपली नुसती बसेन तुमच्याजवळ,” त्या म्हणाल्या, आणि बाहेर इतका गारठा होता की मीही हो म्हटलं. दुकानात एका ओळीत नऊ खुर्च्या होत्या. आमच्यापुढे रांगेत सात माणसं. आमची पाळी आली तेव्हा काउंटरपलीकडच्या माणसाने अगदी नम्रपणे, दोनदा मान लववून सांगितलं की बसणाऱ्या प्रत्येकाला एक वाडगा घ्यावा लागेल. मामींना खाण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. शेवटी मामी बाहेर मशीनमधून घेतलेला गरम चहाचा डबा हातात धरून उभ्या राहिल्या, आणि आत मामांनी घाईघाईत, चव न घेता वाडगा संपवला.

त्या माणसाची काही चूक नव्हती. मी इतकी वर्षं इथे राहते, हे मला आधी ठरवता आलं असतं. तेव्हापासून जपानला येणाऱ्या प्रत्येकाला मी रामेनच्या दुकानाबद्दल नीट बसवून सांगते, आणि तेच इथे लिहिते आहे.

मुळात एक गोष्ट लक्षात घ्या, म्हणजे बाकीच्या रीती आपोआप कळतात. रामेनचं दुकान बहुतेक वेळा फार लहान असतं. आठ-दहा खुर्च्या, आत एक किंवा दोन माणसं, आणि रात्रभर नाहीतर पहाटेपासून उकळत ठेवलेलं सूप. एका वाडग्याची किंमत साधारण नऊशे ते बाराशे येन. हजार येन म्हणजे आपले साडेपाचशे-सहाशे रुपये. एका वाडग्यासाठी हजार येनच्या फार वर कोणी देणार नाही, अशी समजूत इथे इतकी पक्की आहे की तिला ‘हजार येनची भिंत’ असंच म्हणतात. भाव फारसा वाढवता येत नाही, खुर्च्या वाढवता येत नाहीत. मग दुकान चालायचं तर खुर्ची लवकर मोकळी व्हायला हवी. शिवाय वाडग्यातल्या नूडल्स दहा मिनिटांत सूप पिऊन फुगतात. जपानीत त्याला ‘नोबिरु’ म्हणतात, म्हणजे त्या ‘ताणल्या’ गेल्या. म्हणजे ज्याने वाडगा बनवला त्यालाही तुम्ही लवकर खावं असं वाटतं, आणि बाहेर रांगेत उभ्या माणसालाही. आपल्याकडे तव्यावरची भाकरी थेट ताटात पडत असताना कोणी गप्पा मारत बसलं तर घरची बाई “आधी जेवा” म्हणते ना, तसंच.

तेव्हा रामेनचं दुकान ही निवांत बसून गप्पा मारायची जागा नाही. गप्पा मारायच्या असतील तर आधी कॉफी प्या, नंतर कॉफी प्या. मधली वीस मिनिटं वाडग्याला द्या.

दुकान उघडं आहे का हे दारावरच्या कापडी पडद्यावरून, नोरेनवरून, कळतं. नोरेन बाहेर लटकत असेल तर या. आत घेतलेला असेल तर नाही. बरीच दुकानं दुपारी दोन-तीनपासून संध्याकाळी पाच-सहापर्यंत बंद असतात, आणि सूप संपलं की वेळेआधीही नोरेन आत जातो. म्हणून पर्यटनाच्या दिवशी ‘चार वाजता फिरून झालं की खाऊ’ असा बेत आखू नका. साडेअकराला, जेवणाची गर्दी व्हायच्या आधी, गेलात तर सर्वांत बरं. रांग असेल तर मंडळी सगळी जमल्यावरच रांगेत उभे राहा. एकाने जागा धरायची आणि चौघांनी ऐनवेळी येऊन मिळायचं, हे इथे फार खटकतं. काही दुकानांत आधी तिकीट काढून मग रांगेत उभं राहायचं असतं, काहींत उलट. पुढची माणसं काय करतात ते पाहा, तेवढं पुरतं.

आता तिकिटाचं मशीन. पहिल्यांदा येणारा माणूस इथेच अडतो.

दारातून शिरल्याबरोबर डाव्या-उजव्या हाताला कपाटाएवढं एक मशीन असतं. त्यावर पंचवीस-तीस बटणं, प्रत्येकावर जपानी अक्षरं, आणि नशीब असेल तर छोटं चित्र. क्रम असा : आधी पैसे घाला. पैसे घातल्यावर ज्या पदार्थांना ते पुरतात त्यांची बटणं उजळतात. मग बटण दाबा. खाली छोटं तिकीट पडतं. आणखी काही हवं असेल, जास्तीचं अंडं, भात, तर त्याचंही बटण दाबा. सगळं झालं की सुटे पैसे परत यायला एक वेगळी खटकी किंवा बटण असतं, ते दाबायला विसरू नका. नवी मशीनं टचस्क्रीनची असतात, त्यांत इंग्रजी असतं, कार्डही चालतं. पण जुनी मशीनं फक्त हजाराची नोट आणि नाणी घेतात. जुलै 2024 मध्ये जपानने नव्या नोटा काढल्या, तेव्हा जुन्या मशीनांना त्या ओळखताच येईनात. एका दुकानात माझी नवी कोरी नोट मशीनने चार वेळा बाहेर ढकलली, मागे पाच माणसं उभी. शेवटी आतल्या माणसाने गल्ल्यातून जुनी नोट काढून दिली. म्हणून खिशात हजाराच्या दोन-तीन नोटा आणि थोडी नाणी ठेवाच. दहा हजाराची नोट घेऊन रामेनच्या दुकानात जाऊ नका.

मग बटण कोणतं दाबायचं? वाचता येत नसेल तर अगदी वरचं डावीकडचं. दुकानाला स्वतःचा जो मुख्य पदार्थ वाटतो तो बहुधा तिथेच ठेवलेला असतो. ही काही सक्तीची रीत नाही, पण मला ती क्वचितच फसवून गेली आहे. मागे माणसं खोळंबली असतील तर बाजूला सरकून त्यांना पुढे जाऊ द्या, फोनचा कॅमेरा लावून अक्षरांचं भाषांतर पाहा, आणि मग परत या. कोणी रागावत नाही. मशीनसमोर उभं राहून चर्चा केलीत तर मात्र अवघडल्यासारखं होतं, तुम्हालाही.

नावांचा घोळ एकदा सोडवून घेऊ, कारण तो कळला की निवड सोपी होते. रामेनच्या वाडग्यात दोन वेगळी द्रवं एकत्र येतात. एक सूप : डुकराची किंवा कोंबडीची हाडं, सुके मासे, समुद्रशेवाळ यांचं. या सुपात मीठ जवळजवळ नसतं. दुसरी ‘तारे’ : वाडग्याच्या तळाशी आधीच ओतलेली खारट, दाट चव. शोयू, शिओ, मिसो ही नावं या तारेची आहेत : सोयासॉसची, मिठाची, आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याची. तोन्कोत्सु हे नाव मात्र सुपाचं आहे : डुकराची हाडं तासन्‌तास खळखळ उकळून दुधासारखं पांढरं झालेलं सूप. म्हणून ‘शोयू की तोन्कोत्सु’ हा प्रश्न ‘तिखट की कोंबडी’ असा आहे. तोन्कोत्सु-शोयू असा एकच वाडगा असू शकतो, आणि योकोहामाकडे तो असतोच. पहिल्यांदा खाणाऱ्याला मी शोयू सांगते. स्वच्छ, तांबूस, पातळ सूप. जिभेला ओळखीचं वाटतं.

नूडल्स गव्हाच्या पिठाच्या असतात, पण त्या पिवळसर दिसतात आणि दाताखाली लवचीक लागतात. ही करामत कान्सुइची. कान्सुइ म्हणजे आपल्या पापडखाराच्या कुळातला क्षार. उडदाच्या पिठात पापडखार घातल्यावर पीठ कसं बदलतं हे ज्याने पाहिलंय त्याला कान्सुइ वेगळं समजावून सांगायला नको. ही कला चीनमधून आली. 1910 साली टोकियोच्या आसाकुसा भागात ओझाकी कान्इची यांनी राइराइकेन नावाचं दुकान काढलं आणि योकोहामाच्या चिनी वस्तीतून आचारी आणले. सामान्य जपानी गिऱ्हाइकाला डोळ्यांसमोर ठेवून चाललेलं रामेनचं पहिलं मोठं दुकान म्हणून त्याचं नाव घेतात. अजूनही काही पाट्यांवर रामेनऐवजी ‘चूका सोबा’, म्हणजे चिनी सोबा, असं लिहिलेलं असतं. बकव्हीटच्या पिठाच्या नूडल्सना नुसतं सोबा म्हणतात, त्यांच्याशी त्याचा संबंध नाही. मला स्वतःला चूका सोबाची जुनी, साधी दुकानं सर्वांत जास्त आवडतात. बाहेर काचेच्या कपाटात मेणाचा वाडगा ठेवलेला असतो, आत आजी हिशेब बघत असतात, आणि सुपावर गुलाबी वळणाची माशाच्या वडीची चकती तरंगत असते.

गावागणिक वाडगा बदलतो. उत्तरेला साप्पोरोत मिसो, जाड कुरळ्या नूडल्स, वर मका आणि कधी लोण्याचा तुकडा. साप्पोरोच्या सुपावर चरबीचा पातळ थर असतो, तो उष्णता आत कोंडून ठेवतो. त्यामुळे वाफ फारशी दिसत नाही आणि माणूस निर्धास्तपणे पहिला घोट घेऊन जीभ भाजून घेतो. तिथे फुंकर मारा, वाफ दिसो वा न दिसो. हाकोदातेला शिओ. फुकुशिमा जिल्ह्यातल्या किताकातात चपट्या, हाताने चुरगळलेल्या नूडल्स, आणि तिथे माणसं चक्क सकाळी रामेन खातात. दक्षिणेला फुकुओकाच्या हाकातात तोन्कोत्सु आणि शेवईसारख्या बारीक, सरळ नूडल्स.

हाकाता पद्धतीच्या दुकानात तिकीट देताना तुम्हाला एक प्रश्न विचारला जाईल : नूडल्स किती कडक? ‘काता’ म्हणजे कडक, ‘फुत्सू’ म्हणजे नेहमीच्या, ‘यावा’ म्हणजे मऊ. त्यापलीकडे ‘बारीकाता’, फार कडक. पहिल्यांदा ‘फुत्सू’ म्हणा. आणि तिथली आणखी एक फार शहाणपणाची रीत आहे, काएदामा. बारीक नूडल्स लवकर फुगतात, म्हणून वाडग्यात आधी थोड्याच घालतात. त्या संपल्या आणि सूप उरलं की शंभर-दोनशे येनमध्ये गरम नूडल्सचा दुसरा हप्ता तुमच्या सुपात आणून टाकतात. फुकुओकाच्या नागाहामा मासळी बाजारातल्या घाईच्या माणसांसाठी ही सोय सुरू झाली. मिसळीचा रस्सा उरला की आपण जोडीला पाव मागवतो, तेच हे. “काएदामा ओनेगाइशिमासु” एवढं म्हणायचं, पण सूप पिऊन टाकायच्या आधी. मामांनी ही गोष्ट एका मिनिटात आत्मसात केली.

तिकीट हातात आलं की खुर्चीवर बसा, तिकीट समोरच्या उंच कठड्यावर ठेवा. आत शिरताना कोणी “नान्मेइ-सामा?” म्हणून किती जण असं विचारलं तर बोटं दाखवा किंवा “हितोरि” (एक), “फुतारि” (दोन) म्हणा. पाणी स्वतः घ्यायचं, ते फुकट असतं. थंड असतं, हिवाळ्यातही. पिशवी खुर्चीखालच्या टोपलीत. केस मोठे असतील तर रबर मागा, कपडे पांढरे असतील तर कागदी एप्रन. बऱ्याच दुकानांत दोन्ही ठेवलेली असतात. सूप उडतंच.

आणि मग फोन बाजूला ठेवून समोर बघा. काउंटरवर बसण्याचं खरं सुख ते आहे. तो माणूस रिकामा वाडगा गरम पाण्याने तापवतो, पाणी फेकतो. तळाशी पळीभर तारे, त्यावर चमचाभर सुवासिक तेल. शेजारी खोल जाळीच्या तीन-चार चाळण्यांत नूडल्स उकळत असतात, त्याचा एक कान घड्याळाकडे असतो. सूप वाडग्यात पडतं तेव्हा तारेचा आणि तेलाचा वास एकदम उठतो. त्याच क्षणी तो चाळणी उचलतो आणि मनगटाच्या दोन-तीन झटक्यांत सगळं पाणी खाली झाडतो. जमिनीवर थेंबांचा एकच सपकारा ऐकू येतो. या पाणी झाडण्याला ‘युकिरी’ म्हणतात, आणि ते नीट झालं नाही तर सूप पाणचट होतं. मग नूडल्स सुपात सरकवून, चॉपस्टिकवर उचलून, विंचरलेल्या केसांसारख्या घडी घालून ठेवतो. त्यावर डुकराच्या मांसाच्या चकत्या, बांबूचे कोवळे कोंब, सोयासॉसमध्ये मुरवलेलं अर्धवट उकडलेलं अंडं, पातीचा कांदा, नोरी या समुद्रशेवाळाचा कागदासारखा काळा तुकडा. चाळणी उचलल्यापासून वाडगा तुमच्या समोर येईपर्यंत अर्धं मिनिटही जात नाही. एवढी घाई त्याने तुमच्यासाठी केलेली असते.

वाडगा दोन्ही हातांनी कठड्यावरून खाली घ्या. फोटो काढायचा तर एक, आणि फक्त आपल्या वाडग्याचा. आतल्या माणसाचा किंवा शेजाऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका. काही दुकानांत फोटोला बंदीच असते, तशी पाटी असते.

आधी चमच्याने सूप घ्या. जाड चिनी मातीचा खोलगट चमचा असतो, त्याला रेंगे म्हणतात. तो डाव्या हातात, चॉपस्टिक उजव्या हातात. डावा हात जेवणात आणायचा नाही या सवयीने आपली माणसं आधी बिचकतात, पण इथे दोन्ही हातांचं काम आहे. पहिल्या घोटाआधी मिरपूड, लसूण, लाल तेल काहीही घालू नका. आपली सवय असते, पदार्थ समोर आला की आधी तिखट शोधायचं. अर्धा वाडगा तसाच खा. मग काउंटरवरचं आलं, तीळ, व्हिनेगर, लसूण यांतलं काय हवं ते थोडं थोडं घालून चव वळवा. ती भांडी त्यासाठीच मांडलेली असतात.

आणि आवाज. लहानपणापासून ‘जेवताना तोंडाचा आवाज करू नको’ हे ऐकलेल्या माणसाला शेजारच्यांचा झुरुझुरु आवाज आधी दचकवतो. पण भुरका आपल्यालाही परका नाही. कढीचा, आमटी-भाताचा भुरका मारताना आपण जे करतो तेच इथे नूडल्सचं. हवेबरोबर ओढल्याने नूडल्स तोंडात जाईपर्यंत जरा निवतात, आणि सुपाचा वास मागून नाकात चढतो. चव निम्मी तिथेच असते. नाही जमलं तर कोणी काही म्हणत नाही. मात्र घास अर्ध्यात तोडून उरलेला सुपात टाकण्यापेक्षा कमी नूडल्स उचला, चार-पाचच, म्हणजे ओढता येतात. चॉपस्टिक भातात उभ्या रोवून ठेवू नका. ते इथे मृतासाठी ठेवलेल्या भाताचं चिन्ह आहे.

सूप सगळं प्यायला हवं का? नाही. एका वाडग्यात पाच-सहा ग्रॅम किंवा त्याहून जास्त मीठ सहज असतं, आणि त्यातलं बरंचसं सुपात. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा असं सांगते. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी नूडल्स, अंडं, मांस खाऊन सूप ठेवावं. तो अपमान समजला जात नाही, शेजारी बसलेले जपानी म्हातारेही तेच करतात. नूडल्स मात्र टाकू नका. खूप भूक नसेल तर आधीच “मेन सुकुनामे” म्हणा, म्हणजे नूडल्स कमी. ‘ओमोरी’ म्हणजे मोठा वाडगा. पहिल्या दिवशी तो नको.

त्सुकेमेन नावाचा प्रकारही भेटेल. थंड नूडल्स एका वाडग्यात, घट्ट गरम सूप दुसऱ्यात, बुडवून खायचं. टोकियोच्या ताइशोकेनचे यामागिशी काझुओ यांनी 1955 मध्ये तो विकायला सुरुवात केली. जाड नूडल्स शिजायला वेळ लागतो, तेव्हा धीर धरा. शेवटी उरलेलं घट्ट सूप तसंच पिऊ नका, “सूपु-वारि” मागा. गरम पातळ सूप ओतून ते पिण्याजोगं करून देतात.

प्रसिद्ध दुकानांच्या मागे किती लागायचं यावर माझं मत स्पष्ट आहे. तेव्हा टोकियोच्या सुगामो भागात असलेल्या त्सुता या दुकानाला डिसेंबर 2015 मध्ये मिशेलिनचा तारा जाहीर झाला, रामेनच्या दुकानाला मिळालेला तो जगातला पहिला. त्यानंतर परदेशी पाहुण्यांच्या रांगा सगळीकडे वाढल्या. सात दिवसांच्या सहलीत दोन तास एका रांगेत घालवू नका. तुमच्या हॉटेलपासून चालत जाण्याच्या अंतरावर, दुपारी बाराला ऑफिसची माणसं जिथे शिरताना दिसतात, तिथे जा. जिरो पद्धतीच्या दुकानांत, जिथे नूडल्सवर कोबी आणि मोड आलेल्या मुगाचा डोंगर आणि लसूण असतो, पहिल्यांदा जाऊ नका. तिथे किती लसूण, किती चरबी हे ऐन वेळी पटकन सांगावं लागतं आणि वाडगा संपता संपत नाही.

लहान मुलं बरोबर असतील तर काउंटरचा नाद सोडा. हिदाकायासारख्या साखळी दुकानांत टेबलं असतात, मुलांसाठी छोटी वाटी, ‘तोरिझारा’, मागता येते. नागोयाकडे जाणार असाल तर तिथल्या सुगाकियात मुलांना जरूर न्या. तिथे चमच्याला पुढे काट्याचे दात जोडलेले असतात, एकाच हाताने नूडल्सही उचलायच्या आणि सूपही प्यायचं. चॉपस्टिकवरून होणारं रडणं थांबतं. योकोहामात 1994 पासून रामेनचं संग्रहालय आहे, तिथे जुन्या टोकियोची गल्ली उभी केली आहे आणि वेगवेगळ्या गावांची दुकानं एका छपराखाली आहेत. कुटुंबाने जायला ती जागा चांगली.

खाऊन झालं की वाडगा आणि पेला पुन्हा उंच कठड्यावर ठेवा, जवळच्या फडक्याने आपल्या पुढ्यातलं काउंटर एकदा पुसा, आणि “गोचिसोसामा देश्ता” म्हणून निघा. अन्नाबद्दल आभार मानायचे हे शब्द आहेत. आतला माणूस हातातलं काम न थांबवता उत्तर देतो. टीप ठेवू नका, तो ती परत द्यायला मागे धावत येईल.

आता मामींचा प्रश्न, कारण महाराष्ट्रातून येणाऱ्या निम्म्या घरांचा तो असतोच.

शाकाहारी माणसाने नेहमीच्या रामेनच्या दुकानात ‘काहीतरी जमवून घेऊ’ म्हणून जाऊ नये. वरचं मांस काढलं तरी खालचं सूप हाडांचं किंवा माशांचंच असतं. ‘यासाइ रामेन’ म्हणजे भाज्यांचं रामेन, पण भाज्या वर, सूप मांसाचंच. मिसो सोयाबीनचा असला तरी त्याखालचं सूप बहुधा डुकराचं किंवा कोंबडीचं. नूडल्समध्ये कधी अंडं असतं. आणि “निकु नुकि”, म्हणजे मांस वगळून, असं सांगितलं तर प्रामाणिक माणूस चकत्या वगळून देतो. सूप ‘निकु’मध्ये धरलं जात नाही. त्यात त्याचा कावा नसतो, शब्दाचा अर्थच तेवढा. जे मांस खातात पण गोमांस खात नाहीत त्यांना रामेनमध्ये फारशी अडचण नाही, कारण बहुतेक सगळं डुकराचं आणि कोंबडीचं, तरी “ग्यूनिकु?” (गोमांस?) असं विचारून घ्या, आणि तोत्तोरी भागात गाईच्या हाडांचं रामेन असतं हे ध्यानात ठेवा. डुकराचं मांस ‘बुता’, कोंबडी ‘तोरी’, मासा ‘साकाना’, अंडं ‘तामागो’. हे शब्द आणि मागे ‘नाही’ अशा अर्थाचं एक वाक्य जपानीत लिहून फोनमध्ये ठेवा आणि तिकीट काढायच्या आधी दाखवा. तिकीट काढल्यावर सांगण्यात काही अर्थ उरत नाही. तोन्कोत्सुच्या दुकानाबाहेर हाडांचा वास फार उग्र असतो. ज्यांना त्याने मळमळ होते त्यांनी दारातही थांबू नये.

मग करायचं काय? वेगळं दुकान निवडायचं, आणि आधीपासून. टोकियो स्टेशनात टीज तानतान नावाचं दुकान आहे, तिथे मांस, मासे, अंडं, दूध काहीच नाही. ते तिकीट-फाटकाच्या आत आहे, तेव्हा प्रवासाच्या दिवशी, शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) पकडायच्या आधी तासभर राखून ठेवा. आफुरीसारख्या काही साखळी दुकानांत नेहमीच्या वाडग्यांच्या जोडीला एक पूर्ण वनस्पतिजन्य वाडगा असतो, म्हणजे मिश्र कुटुंबाला एकाच जागी बसता येतं. हेच मला त्या गारठ्यात सुचायला हवं होतं.

मामींना मी क्योटोला जायच्या सकाळी टीज तानतानला नेलं. मामाही आले, त्यांनीही तेच घेतलं. पांढऱ्या तिळाच्या सुपातलं तानतानमेन, वर सोयाचा खिमा, हिरवी पालेभाजी, लाल तेलाची नक्षी. मामींनी चॉपस्टिक बाजूला ठेवून काटा मागून घेतला. पहिला चमचा तोंडात घातला, थांबल्या, पुन्हा एक घेतला. “तिळकूट घातलंय गं यात,” म्हणाल्या. “भाजून वाटलेलं. पण जरा जास्त खरपूस भाजलंय, संक्रांतीला मी भाजते त्याहून.” मग मला म्हणाल्या, विचार ना त्यांना, तीळ कुठले वापरतात. गाडीला चाळीस मिनिटं होती. मी विचारायला उठले.